तीन अणू आणि आपलं जर्नल

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर काय चालतं, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रयोग राहून गेलेला असतो, उत्तर मात्र माहीत असतं. मग उत्तरावरून मागे येत रीडिंग्ज 'तयार' होतात. थोडी एरर मुद्दाम ठेवायची, म्हणजे खरी वाटतात! मीही हे केलं आहे, त्यामुळे उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण परवा 113 व्या मूलद्रव्याची, म्हणजे निहोनियमची गोष्ट वाचली आणि लाज वाटली.

निसर्गात न आढळणारं हे मूलद्रव्य जपानच्या 'रिकेन' संस्थेत तयार झालं. हिशोब साध्या बेरजेचा: जस्ताचे 30 प्रोटॉन अधिक बिस्मथचे 83, झाले 113. प्रत्यक्षात जस्ताचे अणू प्रकाशाच्या सुमारे दहा टक्के वेगाने बिस्मथवर आदळत ठेवावे लागतात, आणि दोन केंद्रकं जुळणं अतिशय दुर्मिळ. जुळलीच, तर नवा अणू काही मिलिसेकंदांत फुटतो. बाहेर पडणाऱ्या अल्फा कणांवरून तो होता, एवढंच कळतं. कोसुके मोरिता यांच्या गटाने 2003 मध्ये सुरुवात केली. पहिला अणू 2004 मध्ये मिळाला, दुसरा 2005 मध्ये. आणि तिसरा? थेट 2012 मध्ये! मधल्या सात वर्षांत जेव्हा जेव्हा हा प्रयोग चालला, तेव्हा रीडिंग आलं शून्य. त्यांनी शून्यच लिहिलं.

याउलट, अमेरिकेतल्या बर्कलेच्या प्रयोगशाळेने 1999 मध्ये 118 वं मूलद्रव्य मिळाल्याचं जाहीर केलं. इतरांना ते मिळेना. मूळ डेटा पुन्हा तपासला, तर त्या नोंदीच सापडेनात. 2001 मध्ये दावा मागे घेतला गेला आणि 2002 मध्ये चौकशीत आकडे बनावट ठरले. म्हणजे आपल्या होस्टेलचीच पद्धत!

मित्र म्हणतो, "मिलिसेकंद टिकणाऱ्या अणूचं काय लोणचं घालायचंय?" खरं आहे, आज त्याचा उपयोग काही नाही. पण अणू नाहीसा झाल्यावर मागे उरते ती फक्त नोंद. तीच खोटी असेल, तर उरलं काय?

आपण बांधलेले पूल मिलिसेकंदात नाहीसे होणार नाहीत, आणि त्यांवरून माणसं जाणार आहेत. म्हणून सरांना एकच विनंती: उत्तराशी जुळणाऱ्या खोट्या रीडिंगपेक्षा, चुकलेल्या पण खऱ्या रीडिंगला दोन मार्क जास्त द्या. पुढच्या सबमिशनला माझ्या जर्नलमध्ये एखादं शून्य दिसलं, तर ते खरं असेल.