रस्ता कोणाचा, आणि किती वाजेपर्यंत?

कॅनडाची राजधानी ओटावा हिच्या उत्तरेस नदी ओलांडली की क्युबेक प्रांत सुरू होतो, आणि थोड्याच अंतरावर गॅटिनो उद्यानाचे डोंगर दिसू लागतात. ३६१ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश मेपल, ओक आणि पाइन वृक्षांच्या अरण्याने व्यापलेला असून त्यात लहानमोठी अनेक सरोवरे आहेत. त्यांतील एकाचे नाव ‘पिंक’, पण पाणी मात्र हिरवे. पिंक हे तेथे पूर्वी वस्ती केलेल्या कुटुंबाचे आडनाव होते, एवढाच त्याचा उलगडा. या अरण्यातून चढउतार करीत जाणारा एक डांबरी रस्ता शाँप्लेन नावाच्या कड्यापर्यंत पोहोचतो. तेथून खालचे ओटावा नदीचे विस्तीर्ण खोरे एका दृष्टिक्षेपात येते. हा रस्ता बांधला गेला तो मोटारीतून हिंडणाऱ्यांच्या सुखासाठी. आज मात्र त्यावरचा मोठा हक्क सायकलस्वारांना मिळालेला आहे. हा बदल कसा घडला आणि त्याबद्दल कोणाला काय मोजावे लागले, हे पाहणे केवळ कॅनडाच्या दृष्टीने उद्‍बोधक आहे असे नाही.

उद्यानाची स्थापना १९३८ ची. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांची स्वतःची वाडी याच डोंगरात होती आणि १९५० साली निधनानंतर ती राष्ट्राला मिळाली. त्याच वर्षी झाक ग्रेबेर या फ्रेंच नगररचनाकाराने राजधानीचा आराखडा सादर केला व त्यात रम्य मोटाररस्त्यांना मोठे स्थान दिले. त्या काळाची श्रद्धाच अशी होती की, निसर्ग पाहावा तो मोटारीच्या काचेतून. युद्धोत्तर सुबत्तेत घरोघरी मोटार आली होती आणि रविवारी कुटुंबाला घेऊन तासभर अरण्यातून चक्कर मारणे हा मध्यमवर्गाचा आवडता विरंगुळा होता. तेव्हा आराखडा करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या काळाची मागणी ओळखली, इतकेच.

तथापि मागणी बदलते, आणि रस्ता मात्र तेथेच राहतो. १९७० पासून ओटावात उन्हाळी रविवारी काही रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलींना मोकळे करण्याची प्रथा पडली व पुढे उद्यानातील रस्त्यांनाही ती लागू झाली. हिवाळ्यात तर येथे मोटारीचा प्रश्नच उद्‍भवत नाही. हाच रस्ता बर्फाखाली जातो आणि त्यावरून लोक स्की बांधून फिरतात. वसंतात बर्फ वितळल्यावर, मोटारींना मुभा मिळेपर्यंतच्या काही आठवड्यांत, सायकलस्वारांना तो निर्वेध मिळतो. २०२० मध्ये महासाथीच्या काळात रस्ते मोटारींना बंद झाले आणि पायी व सायकलीने येणाऱ्यांना त्याची गोडी लागली. त्यानंतरच्या वर्षांत उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या नॅशनल कॅपिटल कमिशनने पूर्वीची स्थिती जशीच्या तशी परत आणली नाही. मोटारींना ठरावीक वारी ठरावीक तास आणि उरलेला वेळ सायकलींना, अशी वाटणी झाली.

अशा रस्त्यावर सायकल चालविण्यात विशेष ते काय, असे ज्याने घाटात मागून येणाऱ्या ट्रकचा कर्णा ऐकलेला नाही त्यालाच वाटेल. चढावर सायकलस्वाराची गती माणसाच्या धावण्याइतकी मंदावते, श्वास लागतो, हात किंचित डळमळतात आणि सायकल सरळ रेषेत राहत नाही. नेमक्या याच वेळी मागून येणारी मोटार सर्वांत घातक. ती नसेल तर पन्नाशीचा गृहस्थही, दोनदा थांबून का होईना, डोंगर चढून जातो आणि दहा वर्षांची मुलगीही. उताराची कथा वेगळी. तेथे सायकल सहज ताशी पन्नास किलोमीटरांच्या पुढे जाते आणि वळणावर पायी चालणारे कोणी असेल तर सायकलस्वारच त्याची मोटार होतो. वाहने गेली म्हणजे रस्ता निर्धोक झाला असे मानणे भोळेपणाचे होय. शर्यतीच्या आवेशात उतरणाऱ्यांना आवर घालण्याची गरज तेथेही आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या प्रश्नाचे मर्म रस्त्याच्या खर्चात नाही. तो खर्च कित्येक दशकांपूर्वी झाला आणि तो परत मिळणारा नाही. प्रश्न आहे तो रस्त्याच्या प्रत्येक तासाचा. तो तास एकाला दिला की दुसऱ्याकडून काढून घेतला जातो. रस्त्याच्या वापराला तास आणि गर्दी पाहून किंमत असावी, हा विचार आग्रहाने मांडणारे विल्यम व्हिक्रे हे मूळचे कॅनडाचेच. ते १९१४ साली व्हिक्टोरिया येथे जन्मले. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांत त्यांचे निधन झाले. मोटारचालक स्वतःच्या इंधनाचा खर्च मोजतो, परंतु इतरांच्या वाट्याला आणलेल्या खोळंब्याचा मोजत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. डोंगरातल्या रस्त्यावर खोळंब्याच्या जागी भीती ठेवा. दहा सायकलींमुळे एका मोटारीला दोन मिनिटे उशीर होतो. एका मोटारीमुळे मात्र दहा सायकली घराबाहेरच पडत नाहीत. दोघांचा परस्परांना होणारा उपद्रव समान नाही, आणि म्हणूनच ‘रस्ता सर्वांना सारखाच खुला’ हे वरकरणी न्याय्य वाटणारे सूत्र व्यवहारात एकाच पक्षाच्या पदरात सर्व माप टाकते.

येथे आकडेवारीही फसवी ठरते. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी मोजता येतात. भीतीने न आलेल्या सायकली कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत. ज्या गावी वीजच पोहोचलेली नाही तेथे विजेची मागणी शून्य आहे, असा अहवाल एखाद्या अभियंत्याने दिला तर आपण हसू. ‘या रस्त्यावर सायकली येतातच कुठे?’ हा प्रश्न त्याच जातीचा आहे. मागणी आहे की नाही हे रस्ता काही तास मोकळा ठेवून पाहिल्याखेरीज कळत नाही. मोकळा ठेवल्यावर लोक येतात, हे गॅटिनोत दिसून आले.

परंतु दुसरा पक्ष ऐकलाच पाहिजे. रस्ता मोटारींना बंद होताच तेथील वृद्धांची आणि अपंगांची तक्रार पुढे आली, आणि ती खोटी नव्हती. ज्याला चढ चढवत नाही त्याला शाँप्लेनचा कडा मोटारीविना चंद्रासारखा दूर. हेही लक्षात घ्यावे की, महागड्या सायकली मोटारीच्या टपावर बांधून उद्यानाच्या वेशीपर्यंत येणारे आणि मग मोटारींविरुद्ध गाऱ्हाणे मांडणारे सायकलस्वार सर्व देशांत आढळतात. हिवाळ्यात स्कीच्या मार्गांसाठी शुल्क द्यावे लागते, तर उन्हाळ्यात सायकलस्वाराला तोच रस्ता विनामूल्य मिळतो. तेव्हा या सवलतीचा लाभ सशक्त आणि सुखवस्तू मंडळींकडेच झुकतो, हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर रस्ता पुन्हा मोटारींच्या हवाली करणे हे नव्हे. सार्वजनिक बस, आणि तीही चाकाची खुर्ची चढेल अशी, हे त्याचे उत्तर होय. शरदात पाने रंगतात तेव्हा गर्दीसाठी तेथे अशा फेऱ्या चालविल्या गेल्या आहेत. चाळीस मोटारींचे प्रवासी एका बसमध्ये मावतात आणि एका बसचे वेळापत्रक सायकलस्वाराला ठाऊक असू शकते.

ही बस न देता केवळ बंदी घातली की काय होते, हे सांगायला माथेरानहून दुसरे उदाहरण नको. तेथे मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत आणि त्यामुळे ते अरण्य टिकले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ओझे नाहीसे झाले नाही. ते घोड्याच्या आणि माणसाच्या पाठीवर गेले. हातरिक्षा ओढण्याची ही पद्धत मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या हाती विजेवर चालणाऱ्या रिक्षा देण्याचा आदेश दिला. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात वेगळी वाट निघाली. तेथील रस्ता सपाट, म्हणून तुलना तेवढ्यापुरतीच. पण पर्यटक सायकलने किंवा सायकलरिक्षातून फिरतात आणि रिक्षावालेच पक्षी दाखविणारे वाटाडे झाले आहेत. त्याच भरतपुरात १९८२ साली गुरे चारण्यास एकाएकी बंदी झाली तेव्हा गोळीबार होऊन माणसे मेली, हेही विसरता येत नाही. नियम योग्य असला तरी ज्यांचे नित्याचे जिणे त्या जागेवर अवलंबून आहे त्यांना आधी विचारावे लागते.

मुंबईच्या अंगणातच याची कसोटी आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे. आत कान्हेरीची लेणी, तुळशी आणि विहारचे तलाव, बिबटे. सायकली तेथे भाड्यानेही मिळतात. लेण्यांकडे जाणारा रस्ता अरण्यातून चढत जातो, आणि खाजगी मोटारींना त्यावर किती वाव द्यावा हा वाद जुना आहे. या वादात मोटारवाले आणि सायकलवाले असे दोनच पक्ष धरले जातात. तिसरा पक्ष उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या आदिवासींचा. त्यांना रस्ता विरंगुळ्यासाठी लागत नाही. आजारी माणूस इस्पितळात न्यायचा असतो, मूल शाळेत पाठवायचे असते. चौथा बिबट्याचा, ज्याला पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा रस्ता सायकलींपासूनही मोकळा हवा. म्हणजे सूर्य चांगला वर आल्यावर सायकली, लेणी पाहणाऱ्यांसाठी दर अर्ध्या तासाला बस, पाड्यांवरच्या वाहनांना आणि रुग्णवाहिकेला कोणत्याही वेळी मुभा, आणि अंधार पडण्यापूर्वी रस्ता सर्वांनाच बंद. असे वेळापत्रक प्रवेशद्वारावर ठळक मराठीत लावून वर्षभर न बदलता पाळावे. तेवढ्यासाठी नवा रस्ता बांधावा लागत नाही, एकही झाड तोडावे लागत नाही. लागतात त्या चार-पाच बसगाड्या आणि फाटकावर रविवारीसुद्धा हजर असणारा एक पहारेकरी.