उमेदवाराचें वचन आणि खातेदाराचा हिशेब

विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे उमेदवार गांवोगांव फिरूं लागतात, व चावडीपुढें अगर देवळाच्या ओट्यावर बसून शेतकऱ्यांस नानाविध वचनें देतात. कोणी सारामाफीचें बोलतो, कोणी कर्जमाफीचें, कोणी फुकट विजेचें, तर कोणी मालाच्या भावाचें. ऐकणारा सुखावतो व टाळी वाजवून घरीं जातो. बैल घेतांना जो शेतकरी आधीं दांत पाहतो, त्यानें पांच वर्षांचा व्यवहार करतांना डोळे मिटावे, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रथम सारामाफीचेंच घेऊं. एके काळीं सारा हा शेतकऱ्याच्या मानेवरील मुख्य जूं होता. मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सन १९२७ सालीं डॉ. आंबेडकर यांनीं दाखवून दिलें कीं, प्राप्तीवरील कर उत्पन्न झालें तरच द्यावा लागतो. सारा मात्र उत्पन्न असो वा नसो, लहानमोठ्या प्रत्येक शेतकऱ्यावर बसतो. पुढच्याच वर्षीं, शेंकडा सुमारें २२ नें वाढविलेला सारा देण्याचें बारडोलीच्या शेतकऱ्यांनीं वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालीं नाकारिलें, व चौकशीअंतीं ती वाढ शेंकडा ६ च्या आसपास आली.

आज स्थिति पालटली आहे. वसुलीच्या याद्या लिहिण्यांत ज्याची उमर गेली, त्यास ठाऊक आहे कीं, बहुतेक जिरायत खातेदारांचा वर्षाचा आकार खताच्या एका गोणीच्या किंमतीइतकाहि भरत नाहीं. शिवाय दुष्काळ जाहीर झाला म्हणजे महसुलांत सूट ही ठरलेल्या सवलतींपैकीं एक असतेच. सन २०१८ सालीं १५१ तालुक्यांत व सन २०२३ सालीं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हांहि ती होती. त्याच सवलतींत शेतीकर्जाच्या वसुलीस ‘स्थगिती’ हा शब्द असतो. माफींत येणें मिटतें. स्थगितींत तें फक्त पुढील सालच्या पानावर जातें. उमेदवार यांपैकीं कोणता शब्द उच्चारतो, तिकडे कान असावा.

मग कराचा खरा भार कोठें आहे? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तीकर नाहीं, तेव्हां कराशीं आपला काय संबंध, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. रासायनिक खतावर शेंकडा ५ वस्तु व सेवा कर आहे. ट्रॅक्टरवर तो शेंकडा १२ होता, तो सप्टेंबर २०२५ मध्यें ५ झाला. व्यापारी आपण खरेदींत भरलेला कर विक्रीवरील करांतून वजा करून घेतो. शेतकरी आपल्या धान्यावर कर लावीत नाहीं, म्हणून त्यास वजावटहि नाहीं. भरलेला कर त्याच्याच अंगावर राहतो.

हा कर एकट्या विधानसभेस कमी करतां येत नाहीं. तो जी.एस.टी. परिषदेंत ठरतो, व तेथें मतांचा एकतृतीयांश भार केंद्राचा आणि दोनतृतीयांश सर्व राज्यांचा मिळून आहे. म्हणून “मी खत करमुक्त करीन” हें वचन पोकळ होय. “आमच्या मंत्र्यांस हा प्रश्न परिषदेंत मांडावयास लावीन” हें वचन खरें असूं शकतें. डिझेल मात्र त्या कराबाहेर आहे. त्यावर केंद्राचें उत्पादनशुल्क असतेंच. परंतु विक्रीवरील मूल्यवर्धित कर राज्याचा. सन २०२४ च्या अर्थसंकल्पांत मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील डिझेलवरील हा कर शेंकडा २४ वरून २१ वर आणून उर्वरित राज्याइतका केला. शहरासाठीं जें झालें, तें नांगरणीच्या डिझेलासाठीं कां होऊं नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

भावाची गोष्टहि तशीच. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्यें बंद झाली. मे २०२४ मध्यें शेंकडा ४० शुल्कासह खुली झाली. तें शुल्क सप्टेंबरांत २० वर आलें व १ एप्रिल २०२५ पासून उठलें. हे सर्व हुकूम दिल्लीचे. परदेशव्यापार संघसूचींत आहे, आमदाराच्या हातीं नाहीं. शेती, पाटबंधारे व बाजार हे विषय राज्यसूचींत आहेत. जो उमेदवार निर्यातीवर तासभर बोलतो व बाजारसमितीच्या वजनकांट्याविषयीं मौन धरतो, तो आपल्या हातचें काम टाळतो, असें समजावें.

कर्जमाफींत तारीख व मर्यादा याच मुख्य गोष्टी आहेत. सन २०१७ च्या योजनेंत मर्यादा दीड लाखांची, तर सन २०१९ च्या योजनेंत दोन लाखांची होती. आणि दुसरींत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळांत उचललेलें पीककर्जच धरलें होतें. एका दिवसाच्या फरकानें बाहेर राहिलेल्यास त्या वचनाचा कांहीं उपयोग नाहीं, व सावकाराचें देणें तर या हिशेबांत येतच नाहीं. विजेचेंहि असेंच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस फुकट वीज देण्याची सन २०२४ ची योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. ती वीज फुकट नसते. तिचे पैसे राज्याच्या तिजोरींतून द्यावे लागतात. मुदतीनंतर काय, आणि तिजोरींतील हा खर्च रस्ते व पाटबंधारे यांच्या रकमेंतून तर निघत नाहीं ना, हें स्पष्ट विचारावें.

कोणी म्हणतील, एकटा आमदार काय करणार? परंतु राज्याचा अर्थसंकल्प त्याच्याच मतानें मंजूर होतो. यासाठीं आपल्या संघाच्या प्रत्येक गांवच्या सभासदांनीं उमेदवार आल्यावर चार प्रश्न विचारावे: ही गोष्ट विधानसभेच्या हातीं आहे काय? ही माफी कीं स्थगिती? मर्यादा व तारीख कोणती? पैसा कोणत्या बाबींतून येणार? उत्तरें चारचौघांसमक्ष वहींत उतरून घ्यावीं व ती वही जपून ठेवावी. पांच वर्षांनीं तोच गृहस्थ पुन्हा मत मागावयास येईल, तेव्हां तीच वही त्याच्यापुढें उघडावी.