काळीवरची वस्ती

मृगाचा पाऊस पडला कीं आमच्या काळ्या मातीच्या मुलुखांतील शहरांतून एक तक्रार दरसाल नेमानें ऐकूं येते. वैशाखांत सहज लागणारें दार चौकटींत अडकूं लागतें, फरशीचे सांधे उचलतात, आणि उन्हाळ्यांत बोट शिरावें एवढी रुंदावलेली भिंतींतील भेग हळूहळू मिटूं लागते. भेग मिटली म्हणून घरधनी निश्चिंत होतो. दिवाळीपूर्वीं गवंड्यास बोलावून तींत सिमेंट भरतो, वरून रंग देतो, आणि पुढच्या उन्हाळ्यांत त्याच जागीं किंवा हातभर अंतरावर नवी भेग पाहून कपाळास हात लावतो. असें तीन-चार वेळां झालें म्हणजे कोणी शेजारी वास्तुदोषाची शंका काढतो. मग चूल हलते, एखादें दार बुजतें, शांतीचा खर्च होतो. देवधर्म ज्याचा त्यानें करावा. त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु दोष वास्तूंत नसून वास्तूखालच्या मातींत आहे, आणि त्याचें निवारण पाया जाणणाऱ्या माणसाकडे आहे, एवढें स्पष्ट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

या मातीचें चरित्र थोडक्यांत असें. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा काळा पाषाण झिजून जी चिकण माती झाली तीच आमची रेगूर किंवा कापसाची काळी जमीन. तींत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज पुष्कळ असतें. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असून पाणी त्या पापुद्र्यांमध्यें शिरतें व त्यांस एकमेकांपासून दूर सारतें. म्हणून माती फुगते. पाणी गेलें कीं ती आकसते आणि शेताला भेगा पडतात. कपाशीच्या आणि ज्वारीच्या मुळांस हा ओलावा वरदान आहे. लातूर, परभणी, अकोला, सोलापूर या भागांतील शेती त्यावर पोसली आहे. पण जो गुण पिकास तारक, तोच घरास मारक होतो. घराच्या मध्यावरील माती छपराखालीं झांकलेली असल्यानें तिचा ओलावा फारसा बदलत नाहीं. कडेची माती मात्र पावसांत फुगून पायास वर ढकलते व उन्हाळ्यांत आकसून त्याचा आधार काढून घेते. घर एकसारखें खालीवर झालें असतें तर इजा थोडी झाली असती. एक कोपरा हलतो आणि दुसरा स्थिर राहतो, म्हणून भिंत फुटते. त्यांतहि एकमजली हलक्या घरास धोका अधिक, कारण फुगत्या मातीचा जोर पुष्कळदां अशा घराच्या भारास भारी ठरतो.

आमच्या पूर्वजांस पापुद्र्यांचें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण व्यवहार ठाऊक होता. गांवच्या जमिनीचे त्यांनीं दोन भाग केले: काळी आणि पांढरी. काळी पिकासाठीं, पांढरी वस्तीसाठीं. गांवठाण शक्य तों उंच, निचऱ्याच्या, पांढऱ्या मातीच्या जागीं असे. आणि ‘काळी-पांढरी’ म्हटलें कीं सगळा गांव त्यांत आला असें समजलें जाई. आज शहरें वाढलीं आणि पांढरी अपुरी पडली. काल जेथें कापूस होता तेथें आज बिगरशेतीचा हुकूम होऊन चुन्याच्या रेघा पडतात व भूखंड विकले जातात. वस्ती काळीवर जाणें आतां टळणार नाहीं, आणि टळावें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. पण काळीवर जावयाचें तर पांढरीवरचा पाया तेथें चालणार नाहीं, ही साधी गोष्ट घेणारा विचारीत नाहीं व देणारा सांगत नाहीं. धान्याचें पोतें घेतांना मूठभर दाणा हातावर घेऊन पाहणारा आमचा व्यापारी, जन्माची पुंजी घालून जागा घेतांना मूठभर माती कां पाहत नाहीं, हें आम्हांस कोडें आहे.

ज्यांचीं घरें आधींच तडकलीं आहेत त्यांनीं घाबरूं नये, आणि घाईहि करूं नये. पहिलें काम भेग बुजविण्याचें नव्हे, तिच्यावर पाळत ठेवण्याचें आहे. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांस घट्ट बसवावी, शेजारीं तारीख लिहावी, आणि उन्हाळा व पावसाळा असे दोन्ही ऋतु जाऊं द्यावे. पट्टी शाबूत राहिली तर ती भेग जुनी व निवालेली आहे. पट्टी फुटली तर घर अजून हलत आहे. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेषांचें भय नको. पण दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघणाऱ्या, एका टोकास रुंद व दुसऱ्या टोकास निमुळत्या भेगा पायाकडे बोट दाखवितात.

दुसरें काम पाण्याचा बंदोबस्त. आमच्या मतें निम्मी दुरुस्ती येथेंच होते, आणि हीच सर्वांत स्वस्त आहे. न्हाणीघराची गळकी मोरी, जोत्याशीं मुरणारें सांडपाणी, पन्हाळाविना भिंतीच्या पायथ्याशीं पडणाऱ्या पागोळ्या, भिंतीला लागून केलेलीं फुलझाडांचीं आळीं हीं सारीं घराच्या एकाच बाजूस ओल पुरवितात. तीं आधीं बंद करावीं. नंतर जोत्याभोंवतीं दीड ते दोन मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतार दिलेला, पाणी न झिरपणारा पट्टा बांधावा. त्याखालीं मुरूम नीट धुमसलेला असावा व पट्ट्याच्या कडेनें गटार काढून पाणी दूर न्यावें. हें काम कडक उन्हाळ्यांत करूं नये. पावसाळा सरल्यावर कांहीं आठवड्यांनीं, माती फार ओली नाहीं व फार कोरडी नाहीं अशा वेळीं करावें, म्हणजे तोच ओलावा पायाखालीं बराच काळ टिकतो.

झाडांविषयीं दोन शब्द. पिंपळ, वड, नीलगिरी यांसारखीं मोठीं झाडें भिंतीजवळ असलीं तर उन्हाळ्यांत तीं पायाखालचा ओलावा शोषून घेतात. पण हें ऐकून कोणी उद्यांच कुऱ्हाड उचलूं नये. जुनें झाड एकाएकीं तोडलें तर वर्षानुवर्षें सुकलेली माती पाणी पिऊन फुगूं लागते व घर उलट्या दिशेनें फुटतें. झाडाचा निर्णय जाणकारास विचारून घ्यावा. नवें झाड मात्र घरापासून दूर लावावें.

एवढें करूनहि पट्टी फुटत राहिली तर पायास हात घालावा लागतो. जुन्या पायाखालीं खणून, माती कमी हलते अशा खोल थरापर्यंत नवें काँक्रीट नेणें हा एक मार्ग. भिंतीच्या दोन्ही बाजूंस जमिनींत खोल खांब ओतून आडव्या तुळयांवर भिंत पेलणें हा दुसरा. पहिल्या मार्गांत खणणें मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांनींच आणि एकाआड एक झालें पाहिजे; शेजारचे दोन तुकडे एकदम उघडले तर भिंत अंगावर येते. हें काम स्थापत्य अभियंत्याच्या देखरेखीविना कोणाहि गवंड्यानें पत्करूं नये व कोणाहि मालकानें सांगूं नये. भेगा शिवणें व बुजविणें हें सर्वांत शेवटचें काम. आमच्या गांवांतून तें सर्वांत आधीं होतें, आणि सारा पैसा तेथेंच जातो.

ज्यांस नवें घर बांधावयाचें आहे त्यांच्यासाठीं शास्त्रानें वाट मोकळी केली आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घेऊन एकींत रॉकेल व दुसरींत शुद्ध पाणी ओततात आणि चोवीस तासांनीं दोहोंची उंची पाहतात. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते; हा फरक ५० टक्क्यांहून अधिक निघाला तर सावध व्हावें. भारतीय मानकांत ही परीक्षा १९७७ पासून नमूद आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें अशा मातीसाठीं तळाशीं कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब रूढ केले. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात, आणि वरच्या तुळईखालीं मुद्दाम पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईस ढकलीत नाहीं. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक कट्टी यांनीं न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर मध्यें घालून फुगवटा आवरण्याची रीत दाखविली, व ती कालव्यांच्या कामीं आली. ज्ञान घरचेंच आहे. तें घराच्या पायापर्यंत पोंचलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, एवढा खर्च सामान्य माणसानें कोठून करावा? आमचें उत्तर असें कीं खर्च तो आजहि करीतच आहे. फक्त दरसाल थोडाथोडा आणि व्यर्थ. शिवाय हा भार एकट्या घरधन्यानें कां उचलावा? स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वयें ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष नजरेस आणून दिला तर विकासकानें तो विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. हा हक्क किती घरधन्यांस ठाऊक आहे? पण जो सुटा भूखंड घेऊन गवंड्याकडून घर बांधवितो, त्यास या कलमाचा आधार नाहीं. आणि लहान शहरांतून अशांचीच संख्या मोठी. म्हणून नगरपालिकांकडे आमची मागणी आहे कीं भूखंडांच्या आराखड्यास मंजुरी देण्यापूर्वीं मातीच्या परीक्षेचा दाखला घ्यावा, तो विक्रीच्या कागदांस जोडण्याची सक्ति करावी, आणि गटारें आधीं व घरें मागाहून हा क्रम पाळावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीं गवंड्यांस या मातीचें शिक्षण स्वतंत्रपणें द्यावें. कारण अभियंता क्वचित् येतो, गवंडी नेहमीं येतो.

काळीस आम्ही आई म्हणतों. आईचा स्वभाव लेंकरांनीं ओळखावा. तिच्यावर घर बांधावयाचें तर तिचें फुगणें-आकसणें गृहीत धरूनच बांधावें. यंदाच्या पावसाळ्यानंतर आमच्या वाचकांनीं रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वीं एकवार घराभोंवतीं फेरी मारून पाणी कोठें मुरतें एवढें पाहिलें, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.