दहापट बॅटरी? जरा दमानं घ्या!

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी लिंक पाठवतंच: 'सिलिकॉनची बॅटरी येतेय, दहापट चालणार!' परवा पुन्हा आली. पाठवणाऱ्या मित्राला फोनवर झापलं, तरी डोकं शांत होईना. म्हणून हा शनिवार खर्ची.

हे दहापट आलं कुठून? आजच्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांत ॲनोड ग्रॅफाइटचा असतो. एक ग्रॅम ग्रॅफाइट ३७२ मिलिअँपिअर-तास साठवतं, सिलिकॉन साधारण ३,६००. झालं दहापट! अहो, पण कॅथोड नावाचा प्राणीही असतो ना. तो ग्रॅमला जेमतेम २००. त्याच्या एका ग्रॅमच्या जोडीला ग्रॅफाइट लागतं ०.५४ ग्रॅम, सिलिकॉन ०.०६. म्हणजे १.५४ ग्रॅमचं काम १.०६ मध्ये. फायदा पंचेचाळीस टक्के, तोही कागदावर.

खरी गोची पुढेच आहे. लिथियम पोटात घेतलं की सिलिकॉन फुगून जवळपास चौपट होतं, सोडलं की आक्रसतं. कणांना तडे जातात, उघड्या पडलेल्या जागेवर इलेक्ट्रोलाइटचा नवा थर जमतो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. आमच्या धंद्यात सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालला की मॅनेजर खूश. इथे दर चार्जला ९९.९ टक्केच लिथियम परत आलं, तर ५०० चार्जनंतर उरतं ६१ टक्के! ९९.९९ असेल तर ९५.

हा शेवटचा नऊ मिळवायचा तर कणावर नॅनोमीटरमध्ये मोजायचा लेप लागतो. कार्बनचा, ॲल्युमिनाचा, पॉलिमरचा. जाड केला तर लिथियमची वाट अडते, कडक केला तर फुगताना फुटतो. २०१२ मध्ये स्टॅनफर्डमधल्या यी त्सुई यांच्या गटाने कार्बनच्या कवचात कणाला फुगायला मोकळी जागाच ठेवली, अंड्यात बलक असावा तशी. पण मोकळी जागा म्हणजे आकार वाढला. फुकट काहीच मिळत नाही.

२०२३ मध्ये ऑनरचा मॅजिक ५ प्रो आला. चीनमध्ये सिलिकॉन-कार्बन बॅटरी, ५,४५० मिलिअँपिअर-तास. बाहेर साधी, ५,१००. सात टक्के! नंतरचे फोन याच्या पुढे गेलेत, पण दहापट कुणीच नाही. आणि ते सात टक्केही मला भारीच वाटतात. राग आहे तो लेपावर वर्षानुवर्षं घासणाऱ्यांची मेहनत एका खोट्या आकड्याखाली गाडणाऱ्यांचा.

तेव्हा पुढची लिंक पाठवण्याआधी एवढंच बघा: किती चार्जनंतर किती टक्के उरतं? आकडा दिला नसेल तर सरळ डिलीट मारा.