जुनी पिकअप विजेवर नेण्यापूर्वीं

जुन्या पिकअप गाडीचें डिझेल इंजिन काढून त्या जागीं विजेची मोटार बसवावी, हा विचार अलीकडे पुष्कळ शेतकरीबंधूंच्या मनांत घोळूं लागला आहे. सांगाडा भक्कम, हौदा शाबूत, इंजिन मात्र धूर ओकणारें, अशी एखादी गाडी अनेकांच्या खळ्यांत उभी असते. पंपाची मोटार उघडून बसविणारा हात घरांतच असतो. मग हेंहि काम घरच्या घरीं कां करूं नये, असें वाटणें स्वाभाविक आहे. या कल्पनेस आमचा विरोध नाहीं. परंतु कामाचा आरंभ बहुधा चुकीच्या टोंकाकडून होतो, तो होऊं नये एवढ्यासाठीं हे चार शब्द लिहीत आहों.

गेल्या हंगामांत एका सभासदबंधूंनीं आमचा सल्ला विचारिला. आम्हीं उत्साहाच्या भरांत "अवश्य करा" असें सांगितलें आणि अधिक विचारपूस केली नाहीं. त्यांनीं प्रथम मोटार विकत घेतली, कारण ती स्वस्तांत मिळाली. मग तिला पुरेल अशी बॅटरी शोधिली. बॅटरी ठेवावी कोठें हा प्रश्न त्यानंतर उद्भवला. आणि गाडीनें किती ओझें किती लांब न्यावयाचें, हा प्रश्न सर्वांच्या शेवटीं. गाडी चालली, पण अर्ध्या भारानें. पुढें एके दिवशीं शेताकडील उतारावर ब्रेक दगडासारखा घट्ट झाला आणि गाडी बांधावर आदळून थांबली. कोणास दुखापत झाली नाहीं, हें नशीब. त्यांच्या नुकसानींत आमच्या उथळ सल्ल्याचाहि वाटा आहे, असें आम्ही मानतों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आरंभ वहीपासून करावा. ऐन हंगामाचा एक महिना गाडीची प्रत्येक फेरी टिपून ठेवावी: किलोमीटर किती, जातांना भार किती, येतांना किती, वाटेंत चढ कोठें, आणि दोन फेऱ्यांमध्यें गाडी किती तास उभी राहते. ही वही हातीं आल्यावांचून एक खिळाहि विकत घेऊं नये.

उदाहरणार्थ, निफाड तालुक्यांतील एखादा बागाईतदार १२ क्विंटल कांदा घेऊन लासलगांवच्या बाजारास जातो. जाणेंयेणें ३० किलोमीटर, आणि दिवसांतून अशा दोन फेऱ्या. भरून जाणारी व रिकामी परतणारी पिकअप सपाट रस्त्यावर बेताच्या वेगानें चालविल्यास किलोमीटरास सुमारें पाव युनिट वीज लागते, असें धरावें. म्हणजे ६० किलोमीटरांस १५ युनिट झालीं. वाटेंत चढ असल्यास, भारासकट २,८०० किलो वजनाची गाडी १०० मीटर उंच चढण्यास आणखी सुमारें एक युनिट खाते. बॅटरी तळापर्यंत रिती करणें हितावह नसतें, आणि वर्षागणिक तिची शक्ति थोडथोडी घटते. म्हणून १५ युनिटांच्या कामास २० युनिटांची बॅटरी योजावी.

आतां वजन पाहूं. ट्रॅक्टरला असते तशा शिशाच्या बॅटरीच्या एका किलोंत सुमारें ३५ वॉट-तास वीज मावते, आणि तिच्यांतील अर्ध्याहून अधिक वीज रोज काढल्यास ती लवकर निकामी होते. १५ युनिट वापरावयाचीं तर ३० युनिटांची सांठवण हवी, म्हणजे वजन साडेआठ क्विंटल! बॅटरीच साडेआठ क्विंटल नेणाऱ्या गाडींत कांदा कोठें भरावा? याउलट लिथियम-लोह-फॉस्फेट जातीचे १५० अँपिअर-तासांचे ४५ सेल ओळीनें जोडिले असतां १४४ व्होल्ट व साडेएकवीस युनिटांची बॅटरी होते, आणि पेटीपट्ट्यांसह तिचें वजन सुमारें दोन क्विंटल भरतें. इंजिन, डिझेलची टांकी, रेडिएटर व सायलेन्सर काढल्यानें जवळजवळ तेवढेंच वजन कमी होतें. तरी अंदाजावर विसंबूं नये. काम सुरू करण्यापूर्वीं व झाल्यावर गाडी भुईकाट्यावर न्यावी, पुढील व मागील चाकांवरील भार निरनिराळा मोजावा, आणि नोंदणीपत्रकांत लिहिलेल्या एकूण वजनाची मर्यादा ओलांडूं नये.

इंजिन काढतांना त्याच्याबरोबर आणखी काय जातें, हें बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. डिझेल गाडीच्या ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ति इंजिनानें फिरणाऱ्या पंपापासून येते. इंजिन गेलें कीं ती गेली. पायाला तिप्पटचौपट जोर लावावा लागतो. आमच्या सभासदबंधूंच्या गाडीचें नेमकें हेंच झालें. त्यासाठीं विजेवर चालणारा निर्वात-पंप व त्याची टांकी बसविलीच पाहिजे. पॉवर स्टिअरिंगचा पंप व १२ व्होल्टांचे दिवे यांचीहि निराळी सोय करावी लागते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. पंपाची वीज खांबावरून बंद करितां येते; बॅटरीची वीज बंद होत नाहीं, ती पेटींत नित्य जागी असते. ६० व्होल्टांवरील एकदिश वीज प्राणघातक समजावी, आणि तिची ठिणगी सहज तुटत नाहीं. म्हणून फ्यूज व संपर्क तोडणारा कॉन्टॅक्टर हे एकदिश विजेसाठींच बनविलेले असावेत, फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा, आणि सर्व वीज तोडणारी कळ चालकाच्या हाताशीं असावी. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा वगळून पैसे वांचवूं नयेत. पेटींत पावसाळ्याचा चिखल शिरूं नये व तारांस उंदीर लागूं नये, याचीहि तजवीज हवी.

नफ्याचा हिशेबहि वहीवरूनच निघतो. डिझेल लिटरास ९० रुपये व गाडीचा पल्ला लिटरास १२ किलोमीटर धरिल्यास ६० किलोमीटरांस ४५० रुपये लागतात. तेवढ्याच कामास भरतांनाची गळती धरून १८ युनिट वीज, १० रुपये दरानें १८० रुपयांची. दिवसाची बचत २७० रुपये. वर्षांतून २०० दिवस गाडी चालत असेल तर ५४,००० रुपये वांचतात. ४० च दिवस चालत असेल तर केवळ १०,८००. बॅटरी, मोटार, कंट्रोलर व मजुरी यांच्या एकूण खर्चास या आंकड्यानें भागावें, म्हणजे रक्कम किती वर्षांत फिटेल तें दिसेल. आपले दर, आपला पल्ला व आपले दिवस घालून प्रत्येकानें हा हिशेब स्वतः करावा.

ही वीज कोठून घ्यावी? घरच्या १६ अँपिअरच्या पिनवर सव्वातीन किलोवॉटांच्या चार्जरनें १८ युनिट भरण्यास सुमारें साडेपांच ते सहा तास लागतात. मात्र अर्थिंग उत्तम हवें. शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवरून गाडी भरण्याचा मोह पुष्कळांस होईल. तो टाळावा. ज्या कामासाठीं वीज दिली त्याहून निराळ्या कामास ती वापरणें, हा २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर ठरतो. शिवाय सवलत सर्वांची असते. एकाच्या गैरवापरानें ती दहा जणांची जाऊं शकते.

शेवटीं कायदा. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं. इंजिनाऐवजीं बॅटरीची शक्ति वापरण्यास वाव आहे, पण तो तपासून मान्य झालेल्या संचानें व नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीनें. असे संच पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांतून ए.आय.एस. १२३ या मानकाप्रमाणें तपासले जातात. घरीं जुळविलेली गाडी कितीहि सुबक असली तरी, या मान्यतेवांचून सार्वजनिक रस्त्यावर आणणें बेकायदा होय. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करील आणि जन्मभराची कमाई भरपाईंत जाईल. तेव्हां ज्यास बाजारास जावयाचें आहे, त्यानें आपल्या गाडीच्या नमुन्यास मान्य संच आहे कीं नाहीं हें प्रथम परिवहन कार्यालयांत विचारावें. नसल्यास बेत तेथेंच थांबवावा.

मग घरीं करण्याजोगें काय उरतें? पुष्कळ उरतें. मळ्यापासून गोठ्यापर्यंत, विहिरीपासून खळ्यापर्यंत, आपल्याच बांधाआड खत, चारा व माल वाहणारी संथ गाडी हा पहिल्या प्रयोगास योग्य विषय आहे. विसाव्या शतकांत इंग्लंडांत घरोघर दूध पोंचविणाऱ्या हजारों गाड्या त्या जड शिशाच्या बॅटऱ्यांवरच चालत. रोजचा ठराविक व आंखूड फेरा, मंद वेग, आणि काम संपल्यावर डेअरींत भरण्यास भरपूर वेळ, एवढ्यानें तें साधलें. यंत्र दुबळें होतें, पण काम त्याच्या बेताचें निवडलें होतें.

आमच्या वाचकांनींहि तसेंच करावें. ज्याची वही आंखूड व नेमानें चालणाऱ्या फेऱ्यांची साक्ष देते, त्यानें हें काम अवश्य हातीं घ्यावें. ज्याची वही लांबच्या घाटवाटा व वर्षांतले मोजके दिवस दाखविते, त्यानें जुनें इंजिन दुरुस्त करून आणखी कांहीं वर्षें चालवावें, त्यांत कमीपणा नाहीं. यापुढें कोणी सभासद आमच्याकडे याविषयीं सल्ला विचारण्यास आल्यास, आम्ही प्रथम त्याची वही पाहूं, आणि मगच तोंड उघडूं.