ताटलीला भ्यालेलं पिल्लू



धाकटी बहीण दौलताबादला दिली आहे. मेहुणे किल्ल्यासमोर हातगाडीवर सीताफळं आणि पेरू विकतात. सीताफळाच्या हंगामात त्या घरात कुणाला बोलायलाही सवड नसते, हे ठाऊक असूनही मी नेमकी त्याच दिवसांत गेले. एसटीतून उतरून घरात पिशवी टेकवते न टेकवते तोच सातवीतला भाचा पुढे आला. "मावशी, ठिपक्या जेवत नाही. दोन दिवस झाले."

ठिपक्या म्हणजे मेहुण्यांच्या गाडीखाली येऊन बसलेलं गावठी कुत्र्याचं पिल्लू. दोन महिन्यांचं असेल. त्याची आई वेरूळच्या रस्त्यावर वाहनाखाली गेली, तेव्हा पोरानं ते घरी उचलून आणलं.

मी म्हटलं, त्याला जेवायला वाढा, मला बघू द्या.

बहिणीनं कामाच्या घाईत चेपलेली जर्मनची ताटली दारातल्या शहाबादी फरशीवर आदळली. ताटलीत तिखट वरणात कुस्करलेली भाकरी. ठिपक्या बाजेखालून निघाला तो पोट जमिनीला लावून, शेपूट पायांत घालून. हातभर अंतरावर थांबला. मान लांब करून वास घेतला, जिभेनं ओठ चाटले. म्हणजे भूक होती! पण चेपलेली ताटली फरशीवर डुगडुगली, खणकन वाजली, आणि स्वारी पुन्हा बाजेखाली. त्यात शेजारचं दांडगं कुत्रं दारात येऊन उभं. मग भाच्यानं पिल्लाला मानेला धरून ओढलं, तोंड उघडलं आणि घास कोंबला. पिल्लानं तो थुंकून टाकला आणि पोराच्या बोटाला दात लागला.

"बघ अक्का," बहीण कावली, "उद्या नेऊन सोडते त्याला किल्ल्याकडं. माझ्या पोराला काही झालं म्हंजे?"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पिल्लू असलं तरी दात लागून रक्त आलं तर ते हसण्यावारी न्यायचं नसतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही भरायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. आम्ही तसंच केलं. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, मात्र वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. पोराला इंजेक्शन देऊन आणलं, तरी त्याचं एकच टुमणं, ठिपक्याला सोडू नका.

रात्री मेहुणे गाडी लावून आले. त्यांनी भलतंच सांगितलं. "माझ्यापाशी तर खातंय की! दिवसभर किल्ला बघायला आलेली माणसं ग्लुकोजची बिस्किटं टाकतात, हातातून घेतंय."

निम्मं कोडं तिथंच सुटलं. बिस्किटानं पोट भरतं, पण वाढत्या पिल्लाला त्यात काही बळ नाही. आणि तिथं ताटली नाही, ओढाओढ नाही, आरडाओरडा नाही.

तरीही आधी जनावरांच्या दवाखान्यात जायचं असं मी ठरवलं. पिल्लू जेवत नाही याचं कारण कधी मनात असतं, कधी पोटात, आणि ते आपल्याला बाहेरून कळत नाही. डॉक्टरांनी तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, कातडी चिमटीत धरून सोडली, ताप घेतला. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं, एकशे एक ते एकशे अडीच फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचंच. हाताला गरम लागलं म्हणून ताप समजू नये. ताप नव्हता, पण पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, म्हणजे जंत. वजन करून त्या हिशेबानं औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं. लसी कधी टोचायच्या तेही लिहून दिलं, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली. उलट्या, रक्ताची हगवण, निपचित पडणं यातलं काही दिसलं तर घरी वाट बघू नका. पार्व्हो नावाचा रोग लहान पिल्लांना बघता बघता नेतो. मोठं कुत्रं एखादी वेळ उपाशी राहिलं तर चालतं, पण एवढ्याशा जिवाची साखर लवकर उतरते.

आता भीतीचं बघायचं होतं. रशियात इव्हान पावलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. पचनक्रियेवरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. त्यांच्या ध्यानात आलं, की अन्नाआधी दर वेळी ठरावीक आवाज झाला, तर पुढं नुसत्या आवाजानंही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. आमच्या घरी याच्या उलट झालं होतं. ताटली वाजली की मान धरली जाणार, एवढंच ठिपक्या शिकला होता. त्यात त्याचा हट्ट नव्हता की माज.

ताटली बदलायची ठरलं तेव्हा बहिणीच्या सासूबाई मध्ये बोलल्या. मला वाटलं, कुत्र्याचे लाड म्हणून रागावतील. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी गावात हाटेलच्या बाहेर आमच्यासाठी वेगळी फुटकी कपबशी ठेवलेली असायची. जंतापायी कुत्र्याचं भांडं वेगळं ठेवा, ते बरोबर. पण फुटकंतुटकं नका देऊ त्याला." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कुंभाराकडून मातीचं जाड परळ आणलं. ते जड होतं, डुगडुगत नव्हतं, वाजतही नव्हतं.

परळ दारातून हलवून मागच्या पडवीत, भिंतीच्या कोपऱ्यात, गोणपाटावर ठेवलं. तिथं पाठीमागून कुणी येणार नाही. खाणं म्हणजे मऊ भात आणि उकडलेलं अंडं, कधी मटणवाल्याकडची कलेजी उकडून. मीठ-तिखट नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, कारण कांद्यानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. आपल्या घरातला उरलेला रस्सा घालताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. कोंबडीची शिजवलेली हाडंही देऊ नयेत, त्यांचे काटे होऊन आतडं फाडतात. अन्न कोमट असावं, वास चांगला सुटतो. एवढ्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं वाढावं.

खरी परीक्षा भाच्याची होती. त्याला सांगितलं, पिल्लाकडं बघायचं नाही, बोलवायचं नाही, हात लावायचा नाही. पाठ करून पाच हातांवर पुस्तक घेऊन बसायचं. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर न बोलता उचलायचं आणि पुढच्या वेळी ताजं वाढायचं. मेहुण्यांनी पिल्लाला गाडीकडं येऊच दिलं नाही, म्हणजे बिस्किटं बंद.

पहिल्या संध्याकाळी परळापासून बाजेपर्यंत भाताची चार-पाच शितं टाकली. ठिपक्यानं बाजेजवळची दोन खाल्ली आणि थांबला. रात्री तिसरं. पोरगं कुजबुजलं, "मावशी, दोनच घास झाले." मी म्हटलं, काल एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी परळाच्या काठावरचं अंडं उचलून तो लांब पळाला आणि तिथं बसून खाल्लं. तिसऱ्या दिवशी परळात तोंड घातलं. बहीण कौतुकानं बघायला आली, आणि नेमका तिच्या हातातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं. झालं! दोन वेळा पुन्हा उपास. मी तर चरफडले. पण भाचा चिडला नाही. तो निमूटपणे पुन्हा बाजेजवळ शितं टाकायला बसला, पहिल्यापासून. आईला म्हणाला, "त्याला समजायला टाइम लागतो."

पाचव्या दिवशी माझी निघायची वेळ झाली. ठिपक्या परळात मान घालून चपचप आवाज करत खात होता, शेपूट वर. बहीण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." जर्मनची ताटली तिनं तुळशीच्या रोपाखाली पाणी साचायला ठेवली होती. किल्ल्याकडं सोडून यायचं कुणी बोललं नाही.

भाच्याचा परवा फोन होता. जंताचं दुसरं औषध झालं, वजन वाढलं. तिन्हीसांजेला तो अजून ठिपक्याकडं पाठ करूनच बसतो आणि इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचतो. आवाज थांबला की पिल्लू खाणं थांबवून त्याच्याकडं बघतं म्हणे.