कुणाच्या तरी उपयोगी



दिवाळीचे आकाशकंदील उतरले, थँक्सगिव्हिंगही पार पडलं. आता बे एरियात जागोजागी ख्रिसमसच्या झाडांची विक्री सुरू होईल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांच्या हट्टाखातर एक झाड येतंच. ते विकणाऱ्यांमध्ये सॅन फ्रान्सिस्कोची एक संस्था आहे, डेलान्सी स्ट्रीट फाउंडेशन. तिच्या विक्रीच्या जागी झाड बांधून आपल्या गाडीवर चढवणारा माणूस पूर्वी तुरुंगात राहिलेला असतो, नाहीतर हेरॉइनच्या आहारी गेलेला असतो, नाहीतर फुटपाथवर झोपलेला असतो. या अंकाचं संपादकीय त्याच्याविषयी आहे.

संस्था सुरू झाली १९७१ साली. जॉन मॅहर हा तिचा संस्थापक स्वतः व्यसनातून आणि तुरुंगातून बाहेर आलेला. बर्कलीहून डॉक्टरेट केलेल्या मिमी सिल्बर्ट लवकरच त्याला येऊन मिळाल्या आणि पुढची कित्येक दशकं त्यांनी ती संस्था वाढवली. न्यूयॉर्कमधल्या डेलान्सी स्ट्रीटच्या परिसरात एके काळी युरोपातून आलेली गरीब कुटुंबं एकमेकांच्या आधाराने नव्या देशात उभी राहिली. त्या रस्त्याचं नाव संस्थेने घेतलं.

इथली रीत समजून घेण्यासारखी आहे. ज्याला यायचं असेल त्याने स्वतः पत्र लिहायचं किंवा दाराशी येऊन बाकावर बसायचं. त्याची मुलाखत घेणारेही त्याच वाटेने आलेले असतात, त्यामुळे त्यांच्यापुढे बहाणे चालत नाहीत. किमान दोन वर्षं राहण्याचा शब्द द्यावा लागतो. बरेच जण त्याहून जास्त राहतात. दारू नाही, ड्रग्ज नाहीत. मारामारी नाही आणि धमकीही नाही. हा नियम मोडला की दार बंद. पहिलं काम झाडू-पोछ्याचं. मग स्वयंपाकघर, मग ट्रकवर घरसामान हलवण्याचं काम, मग हिशेब, विक्री, बांधकाम. जाताना प्रत्येकाच्या हाती निरनिराळ्या प्रकारची तीन कौशल्यं असावीत, असा दंडक आहे. शाळा अर्धवट सुटलेल्यांना हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा द्यायला बसवतात.

आणि हे सगळं शिकवतं कोण? आधी आलेला नंतर आलेल्याला. सहावीच्या पातळीचं वाचता येणारा माणूस चौथीच्या पातळीवर अडलेल्याला वाचायला बसवतो. रोजचा कारभार पगारी तज्ज्ञांच्या हाती नाही, रहिवाशांच्याच हाती आहे. तो सरकारी पैशावरही चालत नाही. सगळ्यांच्या कामाची कमाई एका ठिकाणी जमा होते आणि त्यातून सगळ्यांचं जेवणखाण, कपडालत्ता, औषधपाणी भागतं. राहणाऱ्याला फी नाही आणि पगारही नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत एम्बार्काडेरो रस्त्यावर, बेसबॉलच्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लाल कौलांची एक मोठी वास्तू दिसते. १९९० साली पूर्ण झालेली ती वास्तू या रहिवाशांनी स्वतः बांधली. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी कधी करणी हातात धरलेली नव्हती. अनुभवी कारागीर उभे राहून शिकवत होते आणि वीट न् वीट हे लोक रचत होते. याच संस्थेने सुरुवातीच्या वर्षांत पॅसिफिक हाइट्सच्या श्रीमंत वस्तीत घर घेतलं, तेव्हा शेजाऱ्यांनी जोरदार विरोध केला होता. पुढे याच माणसांनी शहराच्या दर्शनी भागात ही अख्खी वास्तू उभी केली.

सगळेच टिकतात असं नाही. पहिल्या काही महिन्यांत सोडून जाणारेही असतात. पण जे टिकतात, ते का टिकतात, याचा विचार करताना मला एकच उत्तर सापडतं. आयुष्यभर ज्याच्याकडे लोकांनी ओझं म्हणून पाहिलं, त्याच्यावर इथे कुणीतरी अवलंबून असतं. उद्या सकाळचा नाश्ता त्याने केला नाही तर शेकडो लोक उपाशी राहतील. शेजारच्या खाटेवरचा नवा मुलगा त्याच्याकडून वाचायला शिकतो आहे. माणसाला मदतीची गरज असते हे खरं. पण आपली कुणाला तरी गरज आहे, ही जाणीव त्याला जास्त घट्ट धरून ठेवते.

आपल्याकडचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र याच विचाराच्या जवळचं आहे. पुण्यात ब्राउन शुगरने तरुण पोरं उद्ध्वस्त होत होती, तेव्हा लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला धावले, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. तिथेही एके काळचे रुग्ण पुढे समुपदेशक झाले, आणि रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट उभा राहिला. ज्याने व्यसन भोगलं आहे, त्याचा शब्द समोरच्याला आत लागतो.

आता बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळाकडे वळू. देणगी देण्यात आपण मागे नाही. भूकंप असो, पूर असो, आपले चेक वेळेवर जातात. पण आपल्यातलाच कुणी कोसळला तर? नोकरी गेली आणि एच-वन-बी व्हिसावर नवी नोकरी शोधायची साठ दिवसांची मुदत डोक्यावर आली, की माणूस सर्वांत आधी मंडळाच्या कार्यक्रमांना येणं बंद करतो. नवऱ्याची दारू वाढली, की त्या घरची बाई आपले फोन उचलेनाशी होते. घटस्फोट, नैराश्य, फसलेला धंदा; कारण कोणतंही असो, आपण ‘त्यांना त्रास नको’ म्हणून लांब राहतो. ते ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लांब राहतात. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला, आणि माणूस एकटा पडतो.

म्हणून, बाहेरच्यांसाठी आणि आपल्यांसाठीही, तीन गोष्टी सुचवतो.

पहिली: यंदा झाड घ्यायचं असेल किंवा घर बदलायचं असेल, तर डेलान्सी स्ट्रीटच्या लोकांकडे चौकशी करा. मागे मी घर बदललं तेव्हा त्यांनाच बोलावलं होतं. आजीच्या पितळी समया त्यांनी ज्या काळजीने गुंडाळल्या, तशा मी स्वतः गुंडाळल्या नसत्या. त्यांना दया दाखवू नका. काम द्या, चोख करून घ्या आणि पूर्ण पैसे द्या.

दुसरी: आपल्यातल्या ज्यांच्या हाती कुणाला नोकरीवर घेण्याचा अधिकार आहे, त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या किंवा व्यसनातून सुटलेल्या माणसाचा अर्ज निदान पूर्ण वाचावा आणि त्याला मुलाखतीला बोलवावं. तुरुंगातून सुटलेल्या माणसाची खरी परीक्षा पहिल्या नोकरीच्या दाराशीच होते.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: संक्रांतीच्या कार्यक्रमाची कामं वाटताना, जे गेल्या वर्षभरात दिसेनासे झाले आहेत त्यांना आधी फोन करा. ‘कसे आहात’ जरूर विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. ‘ध्वनियंत्रणा तुमच्याशिवाय कोण सांभाळणार’, ‘दीडशे माणसांच्या गुळाच्या पोळ्यांचा अंदाज तुम्हालाच येतो, याल का’, असं म्हणा. फोनवर कळलेली कुणाच्याही घरची गोष्ट पुढे जाणार नाही, याची जबाबदारी कार्यकारिणीने घ्यावी. कुणी स्वतःहून आपला अनुभव सांगायला तयार असेल, तर त्याच्यासाठी या वार्तापत्राचं पान खुलं आहे, नाव न छापताही.

कार्यक्रमाची पहिली बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. येताना प्रत्येकाने अशा एका दिसेनाशा झालेल्या माणसाला बरोबर आणावं, आणि बैठक संपण्याआधी त्याच्या हाती एक काम द्यावं.

आपला स्नेही,
संपादक